नाकाची बाटली : चार वेळा सोडली, चारही वेळा परत आली

रात्री तीनच्या सुमारास जाग येते. तोंड उघडं राहिल्यामुळे टाळू कोरडाठक आणि नाक दोन्हीकडून चोंदलेलं. डोळे न उघडता हात उशीखालच्या, नाक मोकळं करणाऱ्या फवाऱ्याच्या बाटलीकडे जातो. दोन फवारे इकडे, दोन तिकडे. मिनिटा-दोन मिनिटांत नाकात वारं खेळायला लागतं आणि परत डोळा लागतो. सकाळी उठलं की पुन्हा तेच.

माझं हे अडीच वर्षं चाललं. मी नागपुरात कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहितो. हंगामात मिरचीची पोती रिकामी होतात तेव्हा नवा माणूस तिथं पाच मिनिटं उभा राहू शकत नाही. शिंका आणि बंद नाक हा आमच्या नोकरीचाच भाग. असंच एकदा पडसं झालं आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दहा मिलीची बाटली आणली. (बाहेरगावच्यांसाठी : नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचं दुकानही आणि मेडिकल चौकातलं मोठं सरकारी हॉस्पिटलही. इथं दुकान.) किती दिवस घालायची हे देणाऱ्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वर्षभरात एक बाटली उशीखाली, एक गाडीच्या डिक्कीत आणि एक दुकानाच्या गल्ल्याशेजारी. एकदा रामटेकला निघालो आणि कन्हानच्या पुलावर आठवलं की डिक्कीतली संपलीय. तिथून गाडी वळवली. बायको मागे बसली होती, वाटेत काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “अहो, तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांना तुम्ही नावं ठेवता ना?”

होतं काय

नाकाच्या आत बाजूच्या भिंतींवर वळकट्यांसारखे मऊ उंचवटे असतात. त्यांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. त्या भरल्या की उंचवटे फुगतात आणि वाट बंद होते; आकसल्या की वाट मोकळी. बाटलीतलं झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन या रक्तवाहिन्या दहा-बारा तास आवळून धरतं. ते शेंबूड काढत नाही, ॲलर्जी घालवत नाही, नुसतं आवळतं. तीन ते पाच दिवस वापरलं तर सहसा काही बिघडत नाही. त्यापुढे रक्तवाहिन्या औषधाला दाद देईनाशा होतात आणि औषधाचा जोर उतरला की आधीपेक्षा जास्त फुगतात. मग बारा तासांची बाटली आठ तासांवर येते, आठाची चारवर. डॉक्टर याला ऱ्हायनायटिस मेडिकामेंटोझा म्हणतात, म्हणजे औषधानंच आणलेली नाकाची सूज. मूळचं पडसं केव्हाच गेलेलं असतं. रात्री तीनला जे नाक बंद होतं, ते संध्याकाळच्या फवाऱ्याची वसुली असते.

मला मात्र सगळे सांगायचे, “तुझ्या नाकाचं हाड वाढलं.” आपल्याकडे बंद नाकाला हे एकच निदान. निव्वळ हाडाचं दुखणं असतं तर दोन फवाऱ्यांत नाक पूर्ण मोकळं कसं झालं असतं, हे मलाही कधी सुचलं नाही. शेवटी धंतोलीतल्या एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टॉर्च टाकून आत पाहिलं आणि मी काही सांगायच्या आत विचारलं, “बाटली कधीपासून?” आतलं अस्तर इतकं लाल होतं की विचारायचीही गरज नव्हती म्हणाले.

तुमचं तसंच आहे का, याचा अंदाज घरी येतो. फवारा मारला की पूर्ण मोकळं, काही तासांत ठार बंद. शिंका किंवा नाक गळणं फार नाही, नुसतं चोंदणं. आणि दोन फवाऱ्यांमधलं अंतर महिन्यागणिक कमी होत जाणं. शेवटची खूण सगळ्यात पक्की.

माझे चार प्रयत्न का फसले

पहिल्यांदा ऐन हंगामात, सोमवारी, दोन्ही नाकपुड्या एकदम बंद केल्या. दुकानात मालाचा ढीग, बोलताना आवाज असा की समोरचा अडत्या म्हणाला, “काहून बे, रडून राहिला का?” तिसऱ्या रात्री ‘एकच फवारा’ म्हणून मारला आणि सगळं मुसळ केरात. दुसरी-तिसरी रात्र सगळ्यात वाईट असते, आणि त्याच रात्री एक फवारा मारला की मोजणी परत एकपासून.

दुसऱ्यांदा वाफ आणि बाम. यानं मला सगळ्यात जास्त फसवलं. बाममधल्या मेंथॉलमुळे नाकातले थंडी ओळखणारे मज्जातंतू जागे होतात आणि आत गार हवा जातेय असं वाटतं; वाट मात्र आहे तेवढीच अरुंद राहते. वाफेनं चिकट शेंबूड सैल होतो, अर्धा तास बरं वाटतं. दोन्ही गोष्टी वाईट नाहीत, पण यांच्या भरवशावर बाटली सोडायची म्हणजे छत्रीच्या काडीवर छप्पर उभं करायचं.

तिसऱ्यांदा हुशारी केली. मोठ्यांच्या झायलोमेटाझोलिनचं प्रमाण ०.१ टक्के, लहान मुलांच्या बाटलीत ०.०५ टक्के. म्हटलं, अर्ध्या ताकदीची घेऊ, हळूहळू सुटेल. डॉक्टर ठरवून, दिवस आखून असं उतरवतात तेव्हा जमतंही. मी आखलं काहीच नव्हतं. ताकद अर्धी झाली आणि फवारे दुप्पट.

याच वेळी आणखी एक घोळ झाला. दुकानात ‘साधं मिठाच्या पाण्याचं द्या’ म्हटलं, त्यानं एक बाटली दिली, आणि ती घातल्यावर नाक खाडकन मोकळं झालं. मी खूश. आठवड्यानं बारीक अक्षरं वाचली तर आत ऑक्सिमेटाझोलिन. म्हणून बाटली हातात आली की आधी घटक वाचा. मिठाच्या पाण्याच्या बाटलीवर सोडियम क्लोराइड असतं. नावाचा शेवट ‘झोलिन’ असा होणारं किंवा फिनाइलेफ्रिन असं काही दिसलं तर ती आपली जुनीच सवत, दुसऱ्या लुगड्यात. सर्दीच्या गोळ्यांतही फिनाइलेफ्रिन असतं. ते पोटातून घेतल्यावर नाक मोकळं करण्यात, आत औषधच नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं सप्टेंबर २०२३मध्ये दिला. तेव्हा बाटलीऐवजी गोळी, हाही रस्ता नाही.

चौथ्यांदा जवळजवळ सुटली होती. मग दिवाळीची झाडझूड, धूळ, पडसं, आणि ‘दोनच दिवस’ म्हणून आणलेली बाटली संक्रांतीपर्यंत.

पाचव्यांदा काय केलं

डॉक्टरांची युक्ती अगदी साधी होती : एका वेळी एकच नाकपुडी सोडायची. उजवीकडे फवारा पूर्ण बंद, डावीकडे चालू. एका बाजूनं श्वास येतो हे माहीत असलं की रात्रीची धडधड होत नाही. आणि माझ्या मते बाटलीची अर्धी सवय नाकाला असते, अर्धी त्या धडधडीला.

वेळही निवडली. मिरचीची आवक थंडावलेली, कूलर माळ्यावर, पावसानं धूळ बसलेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्याच्या सुट्टीला सुरुवात केली. इतवारीत मारबतीची, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक पाहायला पोरांना घेऊन गेलो होतो. गर्दी ओरडत होती, “ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” मीही मनातल्या मनात उजवी नाकपुडी तिच्या पदरात घातली. डावी नंतर.

पहिले तीन दिवस उजवी बाजू भिंतीसारखी बंद. चौथ्या दिवशी दुपारी जरा फट पडली, पुन्हा मिटली. आठव्या दिवशी सकाळी उठलो तर उजवीकडून आपोआप वारं. डावीकडे रोजचा फवारा मारूनही ती उजवीपेक्षा बंद! तेव्हा पहिल्यांदा पटलं की रोग बाटलीतच आहे. पंधराव्या दिवशी डावी सोडली, तिला दहाएक दिवस लागले. सगळं मिळून महिना. कुणाला आठवड्यात सुटते, कुणाला याहून जास्त लागतं.

एक कबुली. मला हे निव्वळ घरच्या उपायांनी करायचं होतं, पण डॉक्टरांनी जोडीला स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे दिला आणि मी तो घेतला. फ्लुटिकासोन, मोमेटासोन या जातीचा. तो रक्तवाहिन्या आवळत नाही, सूज उतरवतो, आणि उलटून नाक बंद करत नाही. लगेच काही होत नाही. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात, म्हणून पुष्कळ जण दोन दिवसांत ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून फेकतात. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं मारायचा, म्हणजे तोंड आपसूक बाहेरच्या भिंतीकडे राहतं आणि मधल्या पडद्यावर मारा बसून रक्त येत नाही. ‘स्टेरॉइड’ शब्दाला भिऊन तो नाकारायचा आणि ती दुसरी बाटली मात्र दिवसातून सहा वेळा मारायची, हा हिशेब माझ्यासारख्या हिशेबनीसालाही जमला नाही.

रात्र कशी काढायची

दिवसा नाक बंद असलं तरी माणूस कामात विसरतो. खरी लढाई रात्रीची. आडवं झालं की नाकाकडे रक्त जास्त येतं, त्यामुळे चोंदणं वाढतं. मी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा दिल्या. नुसत्या दोन उशा घेतल्यानं मान मोडते, अंगाचा उतार व्हायला पाहिजे.

नाकाची आणखी एक गंमत आहे. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या सारख्या उघड्या नसतात. काही तासांनी पाळी बदलते. १८९५मध्ये कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून ‘स्वर’, म्हणजे कुठली नाकपुडी चालू आहे ते, पाहायची रीत होती. माझे आजोबा घराबाहेर पडताना नाकाखाली बोट धरून कुठला स्वर चालू आहे ते पाहायचे. म्हणून एक बाजू बंद झाली की ‘आलं परत’ म्हणून घाबरायचं नाही, पाळी असेल. आणि ती पाळी बदलताही येते. डाव्या कुशीवर झोपलं की डाव्या काखेवर दाब येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत उजवी नाकपुडी उघडायला लागते. साधू काखेत योगदंड घेऊन बसतात तो याचसाठी, असं म्हणतात. मी उजवी सोडली होती, म्हणून डाव्या कुशीवर, काखेत लोडाचा कोपरा दाबून पडायचो. दरवेळी जमतं असं नाही, पण तीनातून दोनदा जमायचं.

तरीही नाहीच उघडलं तर उठून चालायचं. अंगमेहनत केली की शरीर आपणहून नाकातल्या रक्तवाहिन्या आकसून घेतं, तेच काम बाटली उसनवारीनं करते. पहिल्या तीन रात्री मी गच्चीवर झपाझप फेऱ्या मारल्या. शेजारच्या काकूंनी सकाळी आईला विचारलं, “तुमच्या घरी काही झालं का हो रात्री?” नाकावर बाहेरून चिकटवायची पट्टीही मिळते. ती नाकपुडी फाकवून धरते, औषध त्यात काही नसतं. घामानं सुटते, एवढंच.

मिठाचं पाणी, नीट

घरच्या उपायांत खरा कामाचा हाच, आणि लोक चुकतात तेही इथंच.

प्रमाण लिटरला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या लिटरला साडेचार. यापेक्षा कमी मीठ पडलं तर नाकात पोहताना पाणी गेल्यासारखी कळ जाते, फार जास्त पडलं तर जळजळ. ‘एक चमचा’ म्हणणं सोपं आहे, पण चमचा कुठला? माझा एक मित्र सराफ्यात आहे. त्याच्या सोन्याच्या काट्यावर घरचा चहाचा चमचा सपाट भरून मीठ तोललं, सहा ग्रॅमला थोडं कमी भरलं. तेव्हा माझ्या चमच्यानं अर्ध्या लिटरला पाऊण चमच्याहून किंचित जास्त. बाजूच्या गिऱ्हाइकानं विचारलं, “मीठ पण गहाण ठेवून राहिले का भाऊ?” तुम्ही तुमचा चमचा एकदा तोलून घ्या. आयोडीन नसलेलं बारीक मीठ बरं. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर चुरचुरत नाही.

पाणी उकळलेलंच. चांगल्या उकळ्या फुटल्यावर मिनिटभर तरी उकळू द्यायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, त्याच दिवशी संपवायचं. नळाचं कच्चं पाणी नको आणि ‘आमच्याकडे आरओ आहे’ हेही नको. आरओचं पाणी पिण्यायोग्य असतं, निर्जंतुक असतंच असं नाही. न उकळलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. ते पाणी प्यायलं तर त्याचं काही नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस वाचणं कठीण होतं. केरळात २०२४ आणि २०२५मध्ये अशा अमीबांनी मेंदूज्वराचे कितीतरी रुग्ण झाले. दुर्मीळ आहे, पण गॅसची पाच मिनिटं वाचवायला ही जागा नाही. जलनेतीचं (एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढायचं) भांडंही दरवेळी धुऊन कोरडं करायचं.

नाक ठार बंद असेल त्या दिवशी नेती करू नका. पाणी पलीकडे निघायला वाट नसते, जोर केला की कानाकडे जातं. ते पहिले चार-पाच दिवस मिठाच्या पाण्याचा नुसता फवारा किंवा थेंब. वाट झाली की मग नेती, दिवसातून एकदा-दोनदा, झोपायच्या तासभर आधी. नंतर पुढे वाकून एकेक बाजू हळू शिंकरायची. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं की कानात दडे.

हे नको

नाकात लसणाची पाकळी, कांद्याचा रस, निलगिरीचं किंवा मोहरीचं तेल, यातलं काही घालू नका. लसूण काढल्यावर शेंबूड वाहतो तो अस्तराची आग झाल्यामुळे. कोरडेपणानं खपल्या धरत असतील तर बोटाला जरासं तिळाचं तेल लावून नाकपुडीच्या कडेला फिरवावं. रोज नाकात तेल ओतत राहिलं तर ते फुप्फुसात उतरून तिथं न्यूमोनिया होऊ शकतो. ओव्याची पुरचुंडी हुंगा खुशाल. कापूर मात्र तान्ह्या मुलांजवळ नेऊ नका, त्यांना तो बाधतो. आणि गरम पाण्याचं पातेलं मांडीवर घेऊन वाफ घेऊ नका, लहान मुलांना तर मुळीच नको. भाजलेली पोरं हॉस्पिटलात येतात ती अशीच.

सावजी रश्शानं नाक मोकळं होतं असं नागपुरात कुणीही छातीठोक सांगेल. गळतं म्हणा. तिखटानं नाकाला पाणी सुटतं, सूज उतरत नाही. खा, पण औषध म्हणून बिलात लावू नका.

मूळचं काय होतं

बाटली सुटल्यावर खाली जे उरतं ते मूळ दुखणं. ते तसंच ठेवलं तर बाटली परत येणार. माझं होतं मिरचीची धूळ आणि ॲलर्जी. दुकानात आता चांगला मास्क लावतो, घरी आल्यावर मिठाच्या पाण्यानं नाक धुतो. तुमचं दुसरं असेल. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवर माजलेलं गाजरगवत, घरातल्या गाद्या, मांजर, अगरबत्ती. मे महिन्यात कूलर लावू नका असं नागपूरकराला सांगायची माझी हिंमत नाही, पण त्याच्या ताट्यांना कुबट वास येत असेल तर बुरशी आहे. दरवर्षी ताट्या नव्या, टाकीतलं पाणी रोज बदललेलं, आणि झोत तोंडावर नको.

काहींनी हे एकट्यानं करूच नये. ब्लडप्रेशर, हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइड किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर हे फवारे मुळातच धोक्याचे, आधी डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणातही नाक चोंदतं, तेव्हाही स्वतःच्या मनानं काही नको. लहान बाळांना मोठ्यांची बाटली कधीच घालायची नाही. बाळ सुस्तावतं, श्वास मंदावतो. नेहमी एकाच बाजूला बंद, रक्त, घाण वास, वासच न येणं, ताप आणि डोळ्यांभोवती सूज, किंवा घोरता घोरता श्वास थांबणं, यातलं काही असेल तर युक्त्या सोडा आणि दवाखाना गाठा. दोन्हीकडे महिना-दीड महिना थांबूनही उघडलं नाही तरी तेच. पडदा वाकडा असेल किंवा आत मांस वाढलं असेल.

या डिसेंबरात पुन्हा पडसं झालं. बाटली आणली, लेबलवर बॉलपेननं तारीख टाकली आणि बायकोच्या हवाली केली. फवारा फक्त रात्री झोपताना, तोही तिनं डब्यातून काढून दिला तर. तीन रात्री झाल्या. चौथ्या रात्री मी म्हटलं, “आज एकच.” तिनं कचरागाडीकडे बोट दाखवलं, बाटली सकाळीच गेली होती, अर्धी भरलेली.